ओढ्यातली गोगलगाय वाचायला शिका: द्राक्षबागेच्या फवारणीचा पाण्यावरचा परिणाम कसा ओळखायचा, कसा रोखायचा

जानेवारीत निर्यातीचा माल काढायच्या आधी बागेतून द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट येतो तो पानंच्या पानं. कोणत्या औषधाचा किती अंश, मर्यादा किती, माल पास की नापास, सगळं त्यात असतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, आणि तेव्हापासून नाशिक जिल्ह्यातला साधा बागायतदारही पीपीएम (दहा लाखांत एक भाग) आणि पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) हे शब्द घरच्यासारखे वापरतो. पण आमच्या बागेच्या बांधापासून साठ पावलांवर जो ओढा वाहतो, त्याच्या पाण्याचा एकही रिपोर्ट आमच्या घरात कधी आला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी पुतणीला शाळेच्या प्रकल्पासाठी जिवंत पाणगोगलगायी हव्या होत्या. आम्ही दोघं ओढ्यात उतरलो. रिकामे शंख ओंजळभर निघाले, उन्हानं पांढरे पडलेले. जिवंत मिळाल्या त्या सगळ्या एकाच जातीच्या, लहान आणि चकचकीत. माझ्या लहानपणी याच दगडांखाली हिरवट-तपकिरी, बोराएवढे शंख हाताला लागायचे. "काका, बाकीच्या कुठे गेल्या?" असं तिनं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी एक वही घातली. त्या वहीतून, वाचनातून आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्याच्या मदतीनं जी पद्धत बसली, ती इथं सविस्तर देतो. दिंडोरी, निफाड, चांदवड, नाशिक तालुक्यांत ज्यांच्या शेताला ओढा, नाला किंवा बंधारा लागून आहे त्यांना ती जशीच्या तशी वापरता येईल.

आधी एवढं समजून घ्या

गोगलगायच का? पाणी बिघडलं की मासा वरच्या डोहात सरकतो, चतुर उडून जातो. गोगलगाय मात्र तिथंच राहते. दगडावरचं शेवाळ खरवडून खाते, गाळावरून सरपटते. फवारणीतलं जे जे पाण्यातून खाली बसतं ते तिच्या पोटात आणि पायाखाली येतं. बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणापुरतं बोलतं. फवाऱ्याचं पाणी दुपारी वाहून गेलं असेल तर संध्याकाळच्या बाटलीत काहीच सापडणार नाही. ओढ्यातल्या गोगलगायींची वस्ती मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब अंगावर बाळगून असते.

आणखी एक गोष्ट कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. पाण्यातल्या गोगलगायी दोन तऱ्हेच्या असतात. एक तऱ्हा कल्ल्यांनी श्वास घेते, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगते. तिच्या शंखाच्या तोंडाला शिंगासारखं कडक दार असतं. धोका जाणवला की ती आत जाऊन दार लावून घेते. दुसरी तऱ्हा फुप्फुसानं श्वास घेते, मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा भरून जाते, आणि तिला दार नसतं. गढूळ, घाण, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ही दुसरी तग धरते. त्यामुळे "गोगलगायी आहेत का" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. "कोणत्या आहेत, आणि कोणत्या होत्या" हे पाहायचं.

औषध त्यांना करतं काय? क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मज्जातंतूतल्या कोलिनएस्टरेज या विकराला बांधून टाकतात. संदेश थांबायचे ते थांबत नाहीत, स्नायू आखडतो नाहीतर लुळा पडतो, आणि पाय दगड धरू शकत नाही. माणसाला विषबाधा होते तीही याच वाटेनं. तांब्याचं वेगळं आहे. गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं जे द्रव्य असतं त्यात तांबंच असतं, म्हणून बहुतेक जातींचं रक्त निळसर असतं. तिला तांबं हवंच, पण किंचित. जरा जास्त झालं की शरीरातला सोडियम राखणारी यंत्रणा कोलमडते. गोगलगायी मारायला जगभर मोरचूद वापरत आले ते याच गुणामुळे, आणि बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणासाठी) तोच मोरचूद आपण पोत्यानं आणतो.

मरण ही शेवटची पायरी आहे. तिच्या पुष्कळ आधी खाणं कमी होतं, चाल मंदावते, अंडी कमी पडतात, पिलं वाढत नाहीत. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांमध्ये आपल्याच नद्यांतल्या बेलामिया या गोगलगायीवर कीटकनाशकांचे कितीतरी प्रयोग झाले आहेत. रसायनांच्या चाचण्यांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या ओईसीडीनं २०१६ साली गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या दोन चाचण्या मान्य केल्या. त्या दोन्हींत २८ दिवस प्रजननच मोजतात. आपणही पिलांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं.

पायरी १: तीन जागा ठरवा

एक जागा तुमच्या आणि शेजारच्या बागांच्या वर, जिथं फवाऱ्याचं पाणी पोचत नाही अशी. दुसरी बागेच्या कडेला, शेतातलं पाणी ओढ्यात उतरतं तिथं. तिसरी खाली, दोनशे-तीनशे मीटरवर. तिन्हींचा तळ सारखा हवा. वर दगडगोटे आणि खाली नुसता गाळ अशी तुलना केली तर फरक तळाचा निघेल आणि दोष औषधाला लागेल. माझी पहिल्या वर्षीची सगळी मोजणी याच चुकीपायी वाया गेली.

वरची जागा सापडतच नसेल, कारण काही गावांत ओढ्याच्या उगमापासून बागाच आहेत, तर जवळचा जिरायती शिवारातला ओढा तुलनेला घ्या. नुसत्या शेततळ्यावर भागवू नका. प्लॅस्टिकच्या कागदावर गोगलगायींना धरायला, खायला फार काही नसतं.

पायरी २: कधी जायचं

वर्षातून चार फेऱ्या पुरतात. पहिली गोडी (फळांसाठीच्या) छाटणीच्या आधी, पावसाचा पूर ओसरून पाणी निवळल्यावर. दुसरी छाटणीनंतर पोंग्यापासून दोड्यापर्यंतचा, म्हणजे कोवळी फूट आणि घडांच्या सुरुवातीचा काळ संपला की, कारण डाउनी (केवडा) या बुरशीजन्य रोगाच्या भीतीनं सगळ्यात जास्त टाक्या याच काळात रिकाम्या होतात. तिसरी जानेवारीत. चौथी खरड (फळं काढल्यानंतरच्या) छाटणीच्या तोंडावर, ओढा आटायच्या आत. शिवाय फवारणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की दोन दिवसांनी एक चक्कर. बागेतून वाहून येणारा पहिला लोंढा सगळ्यात कडक असतो.

बरोबर पांढरा ट्रे, पिठाची जुनी चाळणी, भिंग, मऊ ब्रश, पट्टी, वही, फोन. आणि गमबूट व लांब रबरी हातमोजे, हे विसरू नका. चपट्या चक्रीसारख्या गोगलगायींमधून जनावरांच्या कृमींची सूक्ष्म पिल्लं पाण्यात सुटतात. ती कातडीत शिरली की दोन दिवस खाजवून जीव जातो.

पायरी ३: मोजणी

प्रत्येक जागी बरोबर पंधरा मिनिटं, मोबाइलवर वेळ लावून. दगड उचला, खालची बाजू पाहा, ब्रशनं गोगलगायी ट्रेमध्ये पाडा, दगड होता तसाच ठेवा. पाण्यातल्या काड्या, पानं, वनस्पतींची देठं ट्रेमध्ये झटका. शेवटची तीन मिनिटं वरचा गाळ चाळणीत घेऊन पाण्यातच हलवा, लांबट गोगलगायी दिवसा गाळात असतात. तिन्ही जागी शोधणारा माणूस एकच असू द्या. पुतणीचे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत. तिनं मोजलं की आकडा वाढतो, म्हणून आता तीच मोजते आणि मी लिहितो.

ओळखायला पाच चेहरे पुरेत. शास्त्रीय नावं वहीत लिहून ठेवा, म्हणजे उद्या कोणा अभ्यासकाला दाखवता येईल.

*बेलामिया.* गोलसर, बोराएवढी, हिरवट-तपकिरी, दार असलेली. अंडी घालत नाही. मादी पोटातच पिलं वाढवून जिवंत पिलं सोडते.

*मेलानॉइड्स.* लांब, निमुळती, स्क्रूच्या पेचासारखी. हिलाही दार असतं. ही चिवट आहे, सांडपाण्यातही राहते, त्यामुळे ती दिसली म्हणून पाणी चांगलं असं समजू नका.

*लिम्निया.* पातळ शंख, टोकदार, तोंड मोठं, दार नाही.

*इंडोप्लॅनॉर्बिस.* चकलीसारखी सपाट गुंडाळलेली. हिच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, चिरडली तर लाल डाग पडतो.

*फायसा.* चकचकीत, लिम्नियासारखीच पण लहान. आमच्या ओढ्यात उरली होती ती हीच. मूळची उत्तर अमेरिकेची, आता जगभर पसरलेली, घाण पाण्यात सुखानं वाढणारी.

लिम्निया आणि फायसा यांत गोंधळ हमखास होतो. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड उजव्या हाताला आलं तर लिम्निया, डाव्या हाताला आलं तर फायसा. एकदा हातात धरून पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही.

पायरी ४: जिवंत गोगलगाय वाचणं

आकडा लिहून झाला की खरी तपासणी सुरू होते. घाई करू नका.

ट्रेमध्ये त्याच जागेचं दोन बोटं पाणी घ्या, बेलामिया किंवा लिम्निया त्यात सोडा आणि सावलीत दहा मिनिटं हलवू नका. निरोगी बेलामिया दोन-चार मिनिटांत दार किंचित किलकिलं करते. आधी दाराच्या कडेनं राखाडी पायाची रेघ दिसते, मग दोन शिंगं बाहेर येतात, शंख एकदा डुलतो आणि ती चालू लागते. ट्रेच्या तळाला मागं पातळ चकाकती रेघ राहते. शिंगाला ब्रशचं टोक लावलं की झटकन आत. हे सगळं एकदा वरच्या जागी, चांगल्या पाण्यात पाहून घ्या. बिघाड मग आपोआप ओळखू येतो.

बिघाड असा दिसतो. दहा मिनिटं उलटली तरी दार बंदच. किंवा उलट, अंग बाहेर लोंबतंय, सुजल्यासारखं, आणि ब्रश लावला तरी आत ओढून घेता येत नाही. शंखाभोवती पांढरट चिकट बुळबुळ साचलेली. उताणी ठेवली तर उलटता येत नाही. एखादी अशी निघाली तर ती म्हातारी असेल, आजारी असेल. पण खालच्या जागी बहुतेक तशा आणि वरच्या जागी एकही नाही, असं असेल तर पाण्यात काहीतरी आहे.

मग पट्टी लावून तीन ढीग करा: एक सेंटिमीटरहून लहान, एक ते दोन, दोनहून मोठ्या. गोगलगायी दिसतात पण सगळ्या मोठ्याच आहेत, पिलं नाहीत, हे चित्र मला मेलेल्या शंखांपेक्षा जास्त घाबरवतं. वरवर ओढा भरलेला दिसतो आणि पुढची पिढी जन्मलेलीच नसते. लिम्निया आणि चक्रीवालीची (इंडोप्लॅनॉर्बिसची) अंडी पानांच्या मागच्या बाजूला पारदर्शक चिकट लादीत असतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्यात इवलं पिल्लू गोल फिरताना दिसतं. लादी दुधाळ झालेली, ठिपके स्थिर, असं दिसलं तर तारखेसह फोटो काढा.

रिकामे शंखही मोजा. आतून चकाकणारा, रंग टिकलेला शंख अलीकडचा. पांढरा, खडूसारखा झालेला जुना. एकाच दिवशी ताजे रिकामे शंख ढिगानं दिसले तर मागच्या आठ-पंधरा दिवसांत घाव बसला आहे.

इथं एक सावधगिरी. गोगलगायी भरपूर दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड औषधं पाण्यातल्या किड्यांना फार कमी मात्रेत मारतात, बऱ्याच गोगलगायी मात्र त्यातून वाचतात. पश्चिम केनियात संशोधकांना हेच आढळलं: कीटकनाशकांनी दूषित झालेल्या ओढ्यांत गोगलगायींशी स्पर्धा करणारे किडे संपले आणि रोग पसरवणाऱ्या गोगलगायी वाढल्या. आपल्याकडे लिम्नियाच्या काही जाती जनावरांच्या यकृतातल्या पर्णकृमीला आसरा देतात, आणि चक्रीवाली गोगलगाय गुरांच्या नाकातल्या कृमीला, ज्यानं गाय घोरायला लागते. म्हणून दगडाखाली तीन शेपट्यांची, चपळ मे-माशीची पिल्लं आहेत का हेही पाहा. गोगलगायी बक्कळ आणि ही पिल्लं शून्य, हे लक्षण चांगलं नाही. गोठा ओढ्याजवळ असेल तर पशुवैद्यकाच्या कानावर घाला.

पायरी ५: बरण्यांची चाचणी

मोजणीत फरक दिसला तर हे करा. दोन लिटरच्या सहा काचेच्या बरण्या स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या, साबण अजिबात नको. तीन बरण्यांत वरच्या जागेचं पाणी, तीन बरण्यांत खालच्या जागेचं. वरच्या जागेतल्या सारख्या आकाराच्या पंधरा-पंधरा गोगलगायी दोन्हीकडे, म्हणजे बरणीत पाच. तोंडाला मच्छरदाणीचा कपडा. सावलीत ठेवा. रोज त्याच वेळी ताजं पाणी आणून बदला, हालचाल नोंदवा. चार दिवस, म्हणजे ९६ तास, प्रयोगशाळेतही हीच मुदत असते. या चार दिवसांत खायला काही घालू नका, बाजारातल्या पालकावरचंच औषध पाण्यात उतरेल.

हललीच नाही म्हणून लगेच मेली समजू नका. तिला वरच्या पाण्यात तासभर ठेवा, ब्रश लावून पाहा. दार उघडं पडलंय, वास येतोय, तर मेली. तिला लगेच काढा, नाहीतर बाकीच्यांचं पाणी नासेल. वरच्या पाण्यातल्या पंधरांपैकी एखादी गेली तर चालेल. दोन-तीन गेल्या तर चाचणीच रद्द करा, चूक हाताळणीत आहे.

कोणी म्हणेल, सरळ औषधच थेंबभर टाकून पाहू. ते करू नका. त्यानं ओढ्याबद्दल काही कळत नाही आणि विषारी पाणी घरात उरतं. उरलेल्या गोगलगायी जिथून आणल्या तिथंच सोडा. फायसा चुकूनही दुसऱ्या ओढ्यात जाऊ देऊ नका.

पायरी ६: दुसरी कारणं वगळा

खालच्या जागी गटाराचं पाणी मिळत असेल, गोठ्याचं शेण धुऊन येत असेल, कपडे धुण्याचा घाट असेल, तर गोगलगायी त्यानंही बदलतात. पाण्याला कुजका वास, दगडांवर राखाडी लोंबत्या तारा, काळा गाळ, ही सांडपाण्याची खूण. ओढा मागच्या उन्हाळ्यात पूर्ण आटला होता का, जेसीबीनं खोलीकरण झालं का, हे गावात विचारा. खोलीकरणात तळच उचलला जातो आणि वस्ती परत यायला वेळ लागतो. हे सगळं वहीत लिहा. उद्या चावडीवर कोणी आडवा प्रश्न विचारला तर उत्तर हाताशी हवं.

पायरी ७: पाण्याचा नमुना

गोगलगाय सांगते की बिघडलंय. कशानं बिघडलंय ते प्रयोगशाळाच सांगते. अवकाळीनंतरच्या पहिल्या लोंढ्यातलं पाणी घ्या. कीटकनाशकांसाठी गडद काचेची एक लिटरची बाटली लागते, तांब्यासाठी वेगळी. दोन्ही प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या, बर्फात ठेवा, २४ तासांत पोचवा. आधी फोन करून "पाण्यातले अंश मायक्रोग्रॅममध्ये मोजता का" असं विचारा. द्राक्षांच्या अंशांची तपासणी करणारी प्रयोगशाळा पाण्याचीही करेलच असं नाही. खर्च तीन-चार शेतकऱ्यांनी वाटून घ्यावा.

पायरी ८: औषध पाण्यापर्यंत पोचू न देणं

हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी एक हिशेब मांडतो, कारण आमच्या घरात मतं बदलली ती या हिशेबानं.

युरोपात ज्या औषधाची मर्यादा वेगळी ठरलेली नाही, त्याला फळात किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. पिण्याच्या पाण्यासाठी त्यांची मर्यादा कोणत्याही एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे शंभरपट कडक. आता २० टक्के तीव्रतेच्या औषधाचं झाकण घ्या, १० मिली. त्यात मूळ विष साधारण २ ग्रॅम. ते २ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे एका झाकणाला अशी नऊ शेततळी लागतात.

बोर्डोचं पाहा. एक टक्का मिश्रणात १०० लिटरला १ किलो मोरचूद, त्यात साधारण २५० ग्रॅम तांबं. टाकीच्या तळाशी राहिलेल्या एका लिटरमध्ये अडीच ग्रॅम. ते एक लाख लिटरच्या डोहात गेलं तर लिटरमागे २५ मायक्रोग्रॅम. मृदू पाण्यात लिम्नियाची पिलं याहून कितीतरी कमी तांब्यानं खुरटतात. आपलं पाणी तसं कठीण आहे, बोर्डोतलं तांबं बरंचसं चुन्याशी बांधलेलं असतं, त्यामुळे धोका तितका सरळ नाही. पण तांबं कुजत नाही, विरत नाही. या वर्षीचं आणि दहा वर्षांपूर्वीचंही गाळातच आहे.

आमच्याकडे ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचं फवारणी यंत्र, ओढ्याच्या उतारावरच धुतला जायचा. मी दादाला म्हटलं, "दादा, टाकी इथं धुऊ नको." तो म्हणाला, "वाहतं पाणी आहे, जाईल वाहून." मी विचारलं, "जाईल कुठं? खाली तात्यांची विहीर आहे." तो गप्प झाला. आमचा ओढा कादव्याला मिळतो, कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण तेच. तिथं चोचीत फट असलेला मुग्धबलाक येतो, आणि त्याचं मुख्य खाणं म्हणजे पाण्यातली गोगलगाय.

तेव्हापासून आम्ही काय करतो ते सांगतो. ब्लोअरची टाकी भरताना पाइप पाण्यात बुडू देत नाही, वर वीतभर अंतर ठेवतो. मोटार बंद पडली की बुडालेला पाइप टाकीतलं औषध उलटं विहिरीत किंवा ओढ्यात ओढतो. औषध कालवायची जागा ओढ्यापासून लांब, बागेच्या वरच्या अंगाला नेली. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी टाकीतच ओततो, मग बाटलीला भोकं पाडतो. फवारणी संपली की टाकीत थोडं स्वच्छ पाणी घेऊन बागेच्याच दोन ओळींवर मारून टाकतो. वेगळं धुण्याचं पाणी मग जवळजवळ उरतच नाही.

जे उरतं त्यासाठी खड्डा केला. स्वीडनमध्ये १९९३ पासून अशा खड्ड्यांचा वापर आहे. निम्मं गव्हाचं काड, पाव माती, पाव पीट (दलदलीतली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) असं मिश्रण ते भरतात. आपण पीटऐवजी कुजलेलं कंपोस्ट घ्यायचं. तळाशी चिकणमातीचा थर, वर गवत, वरून पत्रा म्हणजे पाऊस आत नको. काडावर वाढणारी बुरशी बरीच सेंद्रिय औषधं मोडते. तांबं मात्र त्यात मोडत नाही, साचतं, म्हणून बोर्डोचं धुवण खड्ड्यात न टाकता बागेतच पसरवा आणि मुळात मोजूनच मिश्रण करा.

ओढ्याकडच्या शेवटच्या दोन ओळींना ब्लोअरची बाहेरची बाजू बंद, फक्त आतल्या बाजूनं फवारा. वारा ओढ्याकडून बागेकडे असेल तेव्हाच. चोवीस तासांत पावसाचा अंदाज असेल तर थांबा. थांबणं जिवावर येतं हे मला माहीत आहे, डाउनी कोणाची वाट पाहत नाही. पण धुऊन गेलेली फवारणी डाउनीलाही थांबवत नाही. बांध आणि ओढा यांच्यामध्ये दहा मीटरची पट्टी सोडून तिथं वाळा, मारवेल, हरळी लावली आहे. फवारणीनंतर त्या पट्टीतलं गवत जनावरांना टाकू नका.

एक आणखी. २०२२ साली मराठवाड्यात शंखी गोगलगायीनं सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून मेटाल्डिहाइडची आमिषं गावोगाव पोचली आहेत. ती जमिनीवरच्या गोगलगायीसाठी आहेत. पावसात ती विरघळून ओढ्यात उतरतात. ब्रिटनमध्ये २०२२ पासून उघड्यावर ती वापरायला बंदी आहे. ओढ्याकाठी टाकूच नका. संध्याकाळी ओली पोती पसरून ठेवा, सकाळी त्याखालच्या शंखी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा.

पायरी ९: वही कुठं न्यायची

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्यानुसार. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ओढ्यातल्या जाती नोंदवा, फोटो जोडा. आमच्या गावच्या नोंदवहीत झाडं, पक्षी, पिकं होती, पाण्यातल्या गोगलगायींचा रकाना कोरा होता. खालच्या जागी ताज्या मरतुकीचे पुरावे मिळाले तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) दाखवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाला लेखी कळवा, तारीख, जागा, फोटो, प्रयोगशाळेचा रिपोर्ट यांसह. कोणा शेतकऱ्याचं नाव घेऊन तक्रार करण्याआधी त्याच्या बांधावर जाऊन बसा. आमच्या शिवारात तरी हेच जास्त उपयोगी पडलं.

यंदा फेब्रुवारीत बागेच्या कडेच्या जागी, फरशीखालच्या डोहात, एक सेंटिमीटरहून लहान चार बेलामिया सापडल्या. पुतणीनं त्या ट्रेमध्ये ठेवून एकेकीचं दार उघडेपर्यंत वाट पाहिली. तिसऱ्या, खालच्या जागी अजून फायसाशिवाय काही नाही. तिथं शेजारच्या दोन बागांचं पाणी उतरतं. गोडी छाटणीच्या आधी त्यांच्या बांधावर पांढरा ट्रे घेऊन जायचं ठरलं आहे. दादाही येतो म्हणाला.